भारताचा औषध उद्योग कसा उभा राहिला? माटुंग्याचं कॉलेज, पाषाणची प्रयोगशाळा आणि १९७० चा कायदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२३-२४ या वर्षात भारताने सुमारे २८ अब्ज डॉलरची औषधं निर्यात केली. साठच्या दशकात याच देशात अँटिबायोटिकच्या किमती जगातल्या सर्वांत चढ्या किमतींमध्ये मोडत होत्या. मधल्या काळात काय घडलं, याबद्दल विद्यार्थी, त्यांचे पालक आणि औषध कंपन्यांत नव्याने लागलेली मुलं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ती दोन ओळींत दिली की अर्धवट राहतात आणि मग गैरसमज पसरतात.

शिक्षण, कुशल माणसं आणि धोरण यांच्या जोरावर अर्थव्यवस्था वाढते म्हणतात. त्यासाठी औषधांचंच उदाहरण का?

कारण इथे तिन्ही गोष्टी तारखांसकट दाखवता येतात. कोणतं कॉलेज कधी निघालं, तिथून शिकून बाहेर पडलेली माणसं कुठे गेली, कायदा कोणत्या दिवशी लागू झाला, त्यानंतर किमतींचं काय झालं, हे सगळं नोंदलेलं आहे. आणि या गोष्टीचा मोठा भाग मुंबई आणि पुण्यात घडला, म्हणून आपल्याला तो माहीत असायला हवा.

सुरुवात १९७० च्या पेटंट कायद्यापासून झाली ना?

बहुतेक लेखांत तसंच लिहिलेलं असतं, पण सुरुवात त्याच्या कितीतरी आधी झाली. १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग सुरू केला. तोच पुढे यूडीसीटी (विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग) म्हणून ओळखला गेला आणि आज आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) या नावाने माटुंग्याला उभा आहे. त्या वेळी मुंबईत गिरण्या होत्या, कापड रंगवायचं होतं आणि रंग परदेशातून येत होते. म्हणून पहिले अभ्यासक्रम कापडाचं रसायनशास्त्र आणि रासायनिक अभियांत्रिकी या विषयांचे निघाले. १९३८ मध्ये रंगरसायनांचे मोठे अभ्यासक के. वेंकटरामन त्याचे पहिले भारतीय संचालक झाले.

३ जानेवारी १९५० रोजी पुण्यात पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं, म्हणजे एनसीएलचं, उद्घाटन झालं. १९५१ मध्ये लखनौला केंद्रीय औषध संशोधन संस्था निघाली. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभी राहिली आणि तिथे पेनिसिलिन बनू लागलं. १९६१ मध्ये सोव्हिएत मदतीने आयडीपीएल ही दुसरी सरकारी औषध कंपनी आली आणि तिचा एक मोठा कारखाना हैदराबादला झाला.

म्हणजे नवा कायदा अमलात आला तेव्हा माटुंग्याहून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांची दुसरी पिढी कामाला लागलेली होती. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. कायद्याने दार उघडलं तेव्हा आत जायला माणसं तयार होती.

रंग शिकलेल्या माणसांनी औषधं कशी बनवली?

रसायनशास्त्राच्या नजरेतून पाहिलं तर दोन्हींत फार अंतर नाही. बेंझिनच्या कड्याला नायट्रोगट जोडायचा, त्याचं अमाइन करायचं, त्यावर पुढची साखळी बांधायची, हे रंगातही करतात आणि औषधातही. जिवाणूंवर चालणारं पहिलं सल्फा औषध, प्रॉन्टोसिल, हा मुळात एक लाल रंगच होता. जर्मनीत बायर कंपनीत गेरहार्ड डोमाक यांनी तो उंदरांवर तपासला आणि १९३५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. युरोपातल्या बऱ्याच औषध कंपन्या रंगांच्या कारखान्यांतूनच वाढल्या.

आपल्याकडे हाच प्रवास एका माणसाच्या नोकरीत दिसतो. वेंकटरामन १९५७ मध्ये माटुंगा सोडून एनसीएलचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले ए. व्ही. रामाराव आधी पुण्यात आणि मग हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत औषधांच्या प्रक्रिया शोधत राहिले. सदाफुलीच्या झाडातून मिळणाऱ्या व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन या कर्करोगावरच्या औषधांची प्रक्रिया एनसीएलमध्ये विकसित झाली आणि सिप्ला या भारतीय औषध कंपनीने ती उत्पादनात आणली. ज्या सदाफुलीकडे आपण अंगणातलं साधं फूल म्हणून पाहतो, तिच्या पानांतून हे औषध काढताना प्रमाण अत्यंत कमी मिळतं आणि शुद्धीकरण फार किचकट असतं. हे काम जमायला दहा-वीस वर्षांचा हात लागतो.

१९७० च्या कायद्यात नेमकं काय बदललं?

त्याआधी १९११ चा ब्रिटिश काळातला कायदा चालू होता. त्यात औषधाच्या रेणूवरच पेटंट मिळायचं, तेही १६ वर्षांचं. त्यामुळे दुसऱ्या कुणी वेगळ्या मार्गाने तेच औषध बनवलं तरी तो पेटंटचा भंग ठरायचा. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये सविस्तर अहवाल दिला आणि या व्यवस्थेचा फायदा मुख्यतः परदेशी पेटंटधारकांना होतो हे दाखवून दिलं. त्यांच्या शिफारशींवर आधारलेला कायदा १९७० मध्ये संमत झाला आणि २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला.

नव्या कायद्यात अन्न, औषधं आणि रसायनं यांच्यासाठी फक्त बनवण्याच्या प्रक्रियेवर पेटंट देण्याची तरतूद होती. अन्न आणि औषधांच्या बाबतीत त्याची मुदतही मंजुरीपासून पाच वर्षं किंवा अर्जापासून सात वर्षं, यांपैकी जी कमी असेल ती. म्हणजे तोच रेणू वेगळ्या प्रक्रियेने बनवणं कायदेशीर झालं. १९७० मध्येच औषधांच्या किमतींवर नियंत्रण आणणारा आदेशही निघाला.

म्हणजे आपण फक्त नक्कल केली, असंच ना?

हा प्रश्न मला खरोखर लागतो, कारण तो विचारणाऱ्याने कधी प्लांटमध्ये बॅच चालवलेली नसते.

रेणूची रचना पुस्तकात छापलेली असते, पण तो टनावारी, स्वस्तात आणि शुद्ध कसा बनवायचा हे छापलेलं नसतं. मूळ कंपनीच्या मार्गावर पेटंट असल्यामुळे दुसरा मार्ग शोधावा लागतो. त्या मार्गासाठी लागणारं इंटरमीडिएट, म्हणजे मधल्या टप्प्याचं रसायन, आपल्या बाजारात मिळेल का, टप्पे कमी करता येतील का, महागडा उत्प्रेरक परत मिळवता येईल का, इल्ड, म्हणजे हाती येणाऱ्या मालाचं प्रमाण, ४० टक्क्यांवरून ७० वर कशी न्यायची, अशुद्धी कुठून येते, असे प्रश्न एकामागून एक सोडवावे लागतात. शिवाय प्रयोगशाळेतल्या एक लिटरच्या चंबूत जी उष्णता सहज निघून जाते, ती पाच हजार लिटरच्या रिॲक्टरमध्ये आतच कोंडते, कारण आकार वाढला की आतला माल भिंतीच्या पृष्ठभागापेक्षा फार वेगाने वाढतो. हे सांभाळलं नाही तर रिॲक्टर फुटतो, माणसं मरतात. पायलट प्लांटवर रात्री जागून ही अडचण सोडवणाऱ्या माणसाला नक्कल करणारा म्हणणं मला मान्य नाही. प्रक्रिया शोधणं हेही संशोधनच आहे. जगाने त्याला उशिरा मान दिला एवढंच.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला रामाराव यांच्या हैदराबादच्या संस्थेने एचआयव्हीवरच्या एझेडटी या औषधाची वेगळी प्रक्रिया शोधली आणि सिप्लाने ते औषध परदेशी किमतीच्या अगदी थोड्या भागात बाजारात आणलं.

सरकारी औषध कंपन्या तर पुढे तोट्यात गेल्या. त्यांचा काय उपयोग झाला?

ताळेबंद पाहिला तर प्रश्न बरोबर वाटतो. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स बरीच वर्षं अडचणीत आहे आणि आयडीपीएल तर बंदच पडली. पण या कंपन्यांचं सर्वांत मोठं उत्पादन ताळेबंदात दिसत नाही. ते होतं शिकलेली माणसं.

के. अंजी रेड्डी यांचा प्रवास पाहा. गुंटूरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाल्यावर ते यूडीसीटीत औषधं आणि सूक्ष्म रसायनं शिकले, एनसीएलमधून १९६९ मध्ये पीएच.डी. झाले, मग हैदराबादच्या आयडीपीएलमध्ये नोकरी केली, आणि १९८४ मध्ये स्वतःची डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज काढली. विद्यापीठ, राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि सरकारी कारखाना असे तिन्ही मुक्काम पार करून एक खासगी कंपनी जन्माला आली. हैदराबाद आज बल्क ड्रगची, म्हणजे औषधाच्या मूळ रसायनाची, राजधानी मानली जाते, त्यामागे आयडीपीएलमधून बाहेर पडलेल्या अशा कितीतरी तंत्रज्ञांचा हात आहे.

पिंपरीच्या कारखान्यातही फक्त पेनिसिलिन बनलं नाही. तिथल्या संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार यांनी हॅमायसिन हे बुरशीवर चालणारं नवं अँटिबायोटिक शोधलं.

पेटंट कायदा सैल केला की उद्योग आपोआप उभा राहतो का?

नाही. ब्राझीलनेही औषधांवरची पेटंटं अनेक वर्षं बंद ठेवली होती, १९९६ पर्यंत. तिथे गोळ्या-कॅप्सूल भरणारे कारखाने भरपूर झाले, पण मूळ रसायन बनवणारा उद्योग भारतासारखा रुजला नाही. कायदा एका दिवसात बदलता येतो. एम. एम. शर्मांसारखा शिक्षक तसा एका दिवसात तयार होत नाही. केंब्रिजहून पीएच.डी. करून ते १९६४ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी माटुंग्याला प्राध्यापक म्हणून आले आणि तिथेच राहिले. पुढे ते रॉयल सोसायटीचे फेलोही झाले. मुंबईच्या नगरपालिकेच्या शाळेत शिकलेले गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर याच माटुंग्याहून १९६६ मध्ये अभियंता आणि १९६९ मध्ये पीएच.डी. होऊन बाहेर पडले, परदेशात काही वर्षं काढून १९७६ मध्ये एनसीएलमध्ये आले आणि पुढे तिचे संचालक झाले. चांगली माणसं परत येतात ती इथे काम करण्याजोगी जागा असली तर.

२००१ मध्ये सिप्लाने काय केलं होतं?

त्या वर्षी फेब्रुवारीत सिप्लाचे युसूफ हमीद यांनी एचआयव्हीवरची तीन औषधांची उपचारपद्धती माणशी वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली, म्हणजे दिवसाला एक डॉलरपेक्षाही कमी. श्रीमंत देशांत तोच उपचार वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर जात होता. आफ्रिकेत तेव्हा लाखो माणसं औषधाविना मरत होती.

इथे कायद्याचा एक फायदा सहसा लक्षात घेतला जात नाही. स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरापिन या तीन औषधांचे हक्क तीन वेगवेगळ्या परदेशी कंपन्यांकडे होते, त्यामुळे ती एका गोळीत एकत्र करणं त्यांना सोपं नव्हतं. भारतात ती अडचण नव्हती, म्हणून तिन्ही एका गोळीत आली. दिवसातून दोन गोळ्या, बस. दवाखाना मैलोन् मैल दूर असलेल्या माणसासाठी याचा अर्थ किती मोठा असेल, याचा विचार करा.

जेनेरिक औषध हलक्या दर्जाचं असतं का?

जेनेरिक म्हणजे मूळ कंपनीशिवाय दुसऱ्या कंपनीने बनवलेलं तेच औषध. नीट बनवलेलं आणि तपासलेलं असेल तर त्यात फरक नसतो. रक्तात ते मूळ औषधाइतकंच आणि तितक्याच वेगाने पोहोचतं, हे सिद्ध करावं लागतं. अमेरिकेने १९८४ मध्ये कायदा करून अशा औषधांना मंजुरीचा सोपा मार्ग दिला आणि भारतीय कंपन्यांना ती मोठी बाजारपेठ मिळाली. अडचण येते ती तपासणी ढिली असते तिथे. २०२२ मध्ये गाम्बियात भारतात बनलेल्या खोकल्याच्या औषधांचा संबंध साठहून अधिक मुलांच्या मृत्यूंशी जोडला गेला. अशा औषधात वापरल्या जाणाऱ्या प्रोपिलीन ग्लायकॉल या द्रवाच्या प्रत्येक पिंपातला नमुना डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनासाठी तपासणं हे काही अवघड शास्त्र नाही. ते न करणं अक्षम्य आहे. उद्योग कितीही मोठा झाला तरी औषध निरीक्षकांच्या रिकाम्या जागा आणि अपुऱ्या प्रयोगशाळा हा धोरणाचाच दोष आहे.

२००५ मध्ये कायदा पुन्हा बदलला. मग सगळं संपलं का?

जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे १ जानेवारी २००५ पासून औषधाच्या रेणूवर पुन्हा पेटंट देणं भाग पडलं, २० वर्षांचं. पण संसदेने कायद्यात कलम ३(ड) घातलं. जुन्याच औषधाचं थोडंसं बदललेलं रूप जास्त गुणकारी असल्याशिवाय त्यावर नवं पेटंट मिळणार नाही, असं ते सांगतं. याच कलमाच्या आधारे १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा ग्लिव्हेक या कर्करोगावरच्या औषधाबाबतचा दावा फेटाळला.

त्याआधी मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी बायरच्या नेक्साव्हार या कर्करोगावरच्या औषधासाठी नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय औषध बनवण्याची परवानगी, दिला होता. महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८८० रुपयांवर आला. आपल्या घरात असा रुग्ण असेल तर या दोन आकड्यांमधला फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही.

पेनिसिलिन इथे बनत होतं, तर आज त्याचं मूळ रसायन चीनमधून का येतं?

कारण आपण तयार गोळ्यांत कमावत गेलो आणि पाया सोडून दिला. पेनिसिलिन-जी बुरशीपासून किण्वनाने बनतं. त्याला स्वस्त वीज, मोठ्या टाक्या आणि सततचं सुधारित वाण लागतं. चीनने प्रचंड प्रमाणावर हे केलं आणि नव्वदच्या दशकानंतर आपले कारखाने त्या किमतीपुढे टिकले नाहीत. आज आपल्या बल्क ड्रग आणि इंटरमीडिएटच्या आयातीतला दोन तृतीयांशांहून अधिक हिस्सा चीनचा आहे. करोनात पुरवठा अडला तेव्हा धोका सगळ्यांना दिसला. २०२० मध्ये केंद्राने ६,९४० कोटींची उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आणली आणि तिच्यातून आंध्रात काकीनाड्याजवळ पेनिसिलिन-जीचा कारखाना पुन्हा उभा राहिला. एकदा हातातून गेलेलं कौशल्य परत मिळवायला किती पैसा आणि वेळ लागतो, हे पिंपरीकरांनी तरी विसरू नये.

आपण स्वतःची नवी औषधं का शोधत नाही?

शोधतो, पण फार कमी. नवा रेणू शोधण्यापासून रुग्णापर्यंत पोहोचवायला दहा-बारा वर्षं जातात आणि बहुतेक रेणू मधेच गळतात. डॉ. रेड्डीजने १९९७ मध्ये मधुमेहावरचा आपला रेणू डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्कला परवान्यावर दिला तेव्हा देशभर कौतुक झालं, पण ते औषध बाजारापर्यंत पोहोचलं नाही. असं अपयश पचवून पुन्हा पैसे घालणारं भांडवल आपल्याकडे कमी आहे. देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के आहे. चीनचा सुमारे अडीच टक्के, दक्षिण कोरियाचा पाचच्या आसपास. आपल्या खर्चात खासगी कंपन्यांचा वाटा निम्म्याहूनही कमी आहे. सरकारला दोष देताना हेही सांगायला हवं.

तरी चित्र बदलतंय. २०१३ मध्ये झायडस कंपनीच्या सॅरोग्लिटाझार या मधुमेहींसाठीच्या नव्या औषधाला मंजुरी मिळाली. न्यूमोनियावरचं नॅफिथ्रोमायसिन वोक्हार्ट कंपनीने केंद्राच्या बायरॅक या जैवतंत्रज्ञान संशोधनाला मदत करणाऱ्या संस्थेच्या मदतीने विकसित केलं. आणि मला सर्वांत आशा वाटते ती नेक्सकार-१९ ची. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून निघालेल्या या उपचारात रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी बदलून कर्करोगाशी लढायला परत सोडतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. किंमत परदेशातल्या तशाच उपचाराच्या साधारण दहावा हिस्सा. पवईतली प्रयोगशाळा, परळचं रुग्णालय आणि सरकारी संशोधन निधी एकत्र आले तेव्हा हे झालं. जी रीत १९५० च्या दशकात माटुंगा-पाषाण-पिंपरीत होती, तीच इथे नव्या शास्त्रात दिसते.

सरकारच्या नव्या संशोधन निधीने फरक पडेल का?

२०२३ मध्ये अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला आणि जुलै २०२५ मध्ये खासगी संशोधनासाठी एक लाख कोटींच्या योजनेला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. रक्कम मोठी आहे. पीएच.डी.च्या मुलाची शिष्यवृत्ती दर महिन्याला वेळेवर मिळते का आणि उपकरणाच्या खरेदीला किती महिने लागतात, यावरून मी या योजनांची परीक्षा करेन.

कारखान्यांमुळे होणाऱ्या प्रदूषणाचं काय?

हा हिशोब टाळता येणार नाही. तारापूर, महाड, लोटे-परशुराम या एमआयडीसींनी रोजगार दिला आणि खाड्याही नासवल्या. तारापूरच्या सांडपाण्याविरुद्ध पालघरच्या मच्छीमारांना हरित लवादापर्यंत जावं लागलं. कमी विद्रावक वापरणारी, कमी कचरा करणारी प्रक्रिया शोधणं हे आजच्या प्रक्रिया-रसायनज्ञाचं सर्वांत मोठं काम आहे असं मी मानतो.

माझ्या मुलाने बी.फार्म. करावं की केमिकल इंजिनिअरिंग? आणि मार्क कमी असतील तर?

औषध शरीरात काय करतं, गोळी कशी बनते, दर्जा कसा तपासतात यात रस असेल तर फार्मसी. रेणू टनावारी कसा बनतो यात रस असेल तर केमिकल इंजिनिअरिंग किंवा सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. आयसीटीचं एक केंद्र २०१८ पासून जालन्यातही आहे, मराठवाड्यातल्या मुलांनी ते जरूर पाहावं.

मार्क कमी असतील तर आयटीआयचा एओसीपी हा ट्रेड बघा, म्हणजे रासायनिक कारखान्यातला अटेंडंट ऑपरेटर. पंप, व्हॉल्व्ह, सेंट्रिफ्यूज, ड्रायर हाताळायला तिथे शिकवतात आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यामुळे कंपनीत अप्रेंटिसशिप मिळते. रात्रपाळीत तापमान चढायला लागलं तर पहिल्यांदा ते ऑपरेटरलाच कळतं. प्रवेश घेण्याआधी त्या आयटीआयची कार्यशाळा स्वतः जाऊन बघा. यंत्रं चालू आहेत का, निदेशकाची जागा भरलेली आहे का, मागच्या बॅचची मुलं कोणत्या कंपनीत लागली, एवढं तिथेच विचारा. काही वर्षं प्लांटवर काम केल्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेण्याची वाटही आहे. त्याची चौकशी त्याच दिवशी करून ठेवा.